अरबी खुतबा कानाने कसा वाचावा: एका छोट्या प्रवचनाच्या निमित्ताने

खुतबा हा शब्द मराठी वाचकाला अनोळखी नाही. शुक्रवारच्या दुपारी मशिदीत इमाम मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, उभे राहून अरबीत जे बोलतात, ते ऐकू येण्याइतक्या अंतरावर आपल्यापैकी अनेकजण राहतात. त्या बोलण्यामागे चौदा शतकांची वक्तृत्वपरंपरा आहे, आणि तिच्यातील सर्वोत्तम नमुने धर्मोपदेश म्हणून जितके ऐकले गेले तितकेच गद्याचा आदर्श म्हणून घोकले गेले. अरबी लिपी अडखळत का होईना वाचता येते, पण समोरच्या ओळीत लोक नेमके काय वाखाणतात ते कळत नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे. लिपी येत नसेल तरी चालेल, कारण मी अरबी शब्द देवनागरीतच देणार आहे. नुक्ता असलेला ‘अ़’ घशाच्या खोलातून निघणारा ‘ऐन’ आणि नुक्त्याचा ‘ह़’ घसा आवळून काढलेला ‘ह’ समजावा, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

दहा प्रवचने वरवर चाळण्यापेक्षा एकच, पण पुरते वाचावे, असे माझे मत आहे. त्यासाठी मी ‘नह्जुल बलाग़ा’ या संग्रहातील बेचाळिसावा खुतबा निवडला आहे. चौथे खलिफा आणि शिया परंपरेतील पहिले इमाम हजरत अली यांच्या नावे असलेली प्रवचने, पत्रे आणि वचने बगदादचे कवी व विद्वान शरीफ रज़ी यांनी हिजरी ४०० मध्ये, म्हणजे इ.स. १०१० च्या सुमारास, या संग्रहात एकत्र केली. निवड साहित्यिकाची आहे. रज़ींना जे वक्तृत्व म्हणून भावले ते त्यांनी घेतले, पुष्कळदा मोठ्या भाषणातला एखादाच तुकडा घेतला आणि मध्येमध्ये स्वतःच्या टिपाही जोडल्या. आपल्याला या टिपांचा फार उपयोग होणार आहे.

आधी श्वास मोजावा, मग अर्थ पाहावा

छापील पानावर हे प्रवचन सलग परिच्छेदासारखे दिसते. पहिले काम म्हणजे तो परिच्छेद मोडून, वक्ता जिथे थांबेल तिथे ओळ तोडून, वहीत उतरवून घेणे. थांबताना शेवटच्या शब्दाचा अंत्य स्वर गाळला जातो, हा अरबी उच्चाराचा नियम इथे फार महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळेच ओळींची टोके एकमेकांना जुळतात. माझ्या वहीत हा खुतबा तेरा ओळींत बसला:

अय्युहन्नास,
इन्न अख़्वफ़ मा अख़ाफ़ु अ़लैकुम इस्नान:
इत्तिबाउ़ल हवा, व तूलुल अमल.
फ़ अम्मत्तिबाउ़ल हवा, फ़ यसुद्दु अ़निल ह़क़्क़;
व अम्मा तूलुल अमल, फ़ युन्सिल आख़िरा.
अला व इन्नद्दुन्या क़द वल्लत ह़ज़्ज़ा,
फ़ लम यब्क़ मिन्हा इल्ला सुबाबतुन क सुबाबतिल इना, इस्तब्बहा साब्बुहा.
अला व इन्नल आख़िरता क़द अक़्बलत,
व लि कुल्लिन मिन्हुमा बनून.
फ़ कूनू मिन अब्नाइल आख़िरा, व ला तकूनू मिन अब्नाइद्दुन्या,
फ़ इन्न कुल्ल वलदिन सयुल्ह़क़ु बि अबीहि यौमल क़ियामा.
व इन्नल यौम अ़मलुन व ला ह़िसाब,
व ग़दन ह़िसाबुन व ला अ़मल.

या तेरा ओळी अर्थ न पाहता तीन-चार वेळा मोठ्याने म्हणाव्यात. ज्यांना शक्य असेल त्यांनी एखाद्या जाणकाराकडून त्या म्हणवून घ्याव्यात आणि त्या वेळी स्वतः गप्प बसावे. ‘अला’ हा दोनदा येणारा शब्द लगेच कानात भरेल. तो ‘ऐका हो’ असे हटकणारा अव्यय आहे आणि वक्ता त्यावर आवाज चढवतो. अर्थ मागाहून पाहण्याचा आग्रह एवढ्यासाठी, की ही भाषणे लिहिली गेली त्याच्या कितीतरी आधी ती पाठ झालेली होती. मुंबईत जन्मलेल्या आणि अरबी वक्तृत्वावरील ग्रंथासाठी २०२१ चा शेख झायेद पुरस्कार मिळवणाऱ्या ताहेरा कुतबुद्दीन यांनी या परंपरेच्या मौखिकतेवरच भर दिला आहे. जोडवाक्ये, समांतर रचना आणि ठोस प्रतिमा ही सजावट नसून ऐकणाऱ्याने घरी जाईपर्यंत ते बोलणे विसरू नये यासाठीची सोय होती. हे एकदा पटले की पुढचे सारे सोपे होते.

ओळखीचे शब्द, आणि त्यांचे चकवे

आता अर्थ. थोडक्यात असा: लोकहो, तुमच्याबाबत मला सर्वांत अधिक भीती दोन गोष्टींची वाटते, मनाच्या ओढीमागे जाणे आणि लांबत जाणारी आशा; पहिली सत्यापासून अडवते, दुसरी आखिरतचा, म्हणजे परलोकाचा, विसर पाडते. दुनिया पाठ फिरवून निघाली आहे, आखिरत समोरून येते आहे, दोघींचीही मुले आहेत; तुम्ही आखिरतची मुले व्हा, दुनियेची होऊ नका. मराठी वाचकाच्या हाती इथे एक आयता ठेवा आहे: या छोट्याशा प्रवचनातील दुन्या, आख़िरा, ह़क़्क़, ह़िसाब, क़ियामा आणि अ़मल हे शब्द दुनिया, अखेर, हक्क, हिशेब, कयामत आणि अंमल या रूपांत आपल्या घरचेच झाले आहेत. मात्र हे शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे येता येता बदलले, म्हणून प्रत्येकाची पुन्हा ओळख करून घ्यावी लागते.

‘हक्क’ आपल्याकडे अधिकार झाला. इथे तो सत्य आहे. ‘अंमल’ आपल्याकडे सत्ता किंवा नशेचा प्रभाव झाला. इथे तो केलेली कृती आहे, ‘अंमलबजावणी’त त्याची थोडी आठवण उरली आहे. ‘दुन्या’ हे मुळात विशेषण आहे: ‘अधिक जवळची’. ‘आख़िरा’ म्हणजे ‘नंतरची’. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत, आणि या प्रवचनातील सगळे नाट्य त्या स्त्रीलिंगावर उभे आहे, कारण वक्त्याने पुढे त्या दोघींना मुले दिली आहेत.

‘हवा’ हा तर पक्का चकवा आहे. आपण श्वासात घेतो ती हवा अरबीत वेगळ्या तऱ्हेने लिहितात. इथला ‘हवा’ म्हणजे मनाची ओढ, वासना. ‘इत्तिबाउ़ल हवा’ म्हणजे वाऱ्यामागे धावणे नव्हे, तर मनाला जे हवे त्याच्या मागे जाणे. ‘मला तो हवा’ मधील मराठी ‘हवा’ आणि हा ‘हवा’ यांचे नाते काही नाही, निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला त्याच्याइतकी सोयीची खूण दुसरी सापडणार नाही.

सगळ्यांत मोठा चकवा मला स्वतःला भोवला. वयस्क मौलवीसाहेबांपुढे मी हा खुतबा वाचत होतो, आणि तिसऱ्या ओळीतला ‘अमल’ व शेवटच्या ओळीतला ‘अ़मल’ मी एकाच तऱ्हेने उच्चारून मोकळा झालो. त्यांनी पानावर बोट ठेवले. “एक आशा आहे, एक काम आहे,” ते म्हणाले, “तुम्ही दोन्ही एक करून टाकलेत, मग हिशेब कशाचा?” मराठी जिभेला दोन्ही ‘अमल’च, अरबी कानाला पहिल्याची सुरुवात साध्या ‘हम्ज़ा’ने होते आणि दुसऱ्याची ‘ऐन’ने. त्या दिवसानंतर मला या प्रवचनाची घडण नव्याने दिसू लागली. वक्ता ज्या दोन गोष्टींना भितो त्यांतली दुसरी आहे ‘तूलुल अमल’, म्हणजे लांबत जाणारी आशा, ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ ही भावना. आणि प्रवचन संपते ते ‘व ला अ़मल’ या शब्दांवर, जेव्हा करायला वेळच उरलेला नसतो. आशेच्या अमलपासून निघून कृतीच्या अ़मलपर्यंत पोचणारे हे भाषण एका अक्षराच्या फरकावर तोललेले आहे. वक्त्याने ते हेतूने साधले की भाषेनेच त्याला दिले, हे ठरवता येत नाही आणि त्याने आनंदात उणेपणाही येत नाही.

जोड्या लावणे

अरबी काव्यशास्त्रात, म्हणजे ‘इल्मुल बलाग़ा’त, यासाठी बारीकसारीक संज्ञा आहेत. विरुद्धार्थी शब्द जवळ ठेवणे म्हणजे ‘तिबाक़’, विरुद्धांची अख्खी रांग समोरासमोर उभी करणे म्हणजे ‘मुक़ाबला’, गद्यातील यमक म्हणजे ‘सज्अ’, ध्वनिसाम्य असलेल्या शब्दांचा खेळ म्हणजे ‘जिनास’. संज्ञा पाठ करण्याची घाई करू नये. मुकाबला हा शब्द तर कुस्तीच्या आखाड्यामुळे आपल्याला आधीच कळतो, आणि अर्थही फारसा वेगळा नाही.

वहीत डावीकडे दुनियेचे शब्द लिहावेत, उजवीकडे आखिरतचे. डावीकडे ‘वल्लत’, तिने पाठ फिरवली. उजवीकडे ‘अक़्बलत’, ती तोंड करून आली. डावीकडे ‘यौम’, आज. उजवीकडे ‘ग़द’, उद्या. मग शेवटच्या दोन ओळींकडे यावे, कारण इथे डावे-उजवे एकमेकांची जागा घेतात: आज अ़मल आहे आणि ह़िसाब नाही, उद्या ह़िसाब आहे आणि अ़मल नाही. दोनच नामे, तीही फक्त जागा बदलतात, आणि जो शब्द पहिल्या ओळीत हाताशी होता तोच दुसऱ्या ओळीच्या शेवटी नाहीसा होतो.

हे मराठीत आणून पाहणे हा रसग्रहणाचा फार चांगला व्यायाम आहे, कारण मूळ कुठे घट्ट आहे ते भाषांतर फसते तिथेच कळते. ‘हिशेब’ आपल्याकडे तयार आहे. पण अ़मलला काय म्हणावे? ‘काम’ म्हटले तर ते कचेरीतले होते. ‘कर्म’ म्हटले की पुनर्जन्म आणि प्रारब्ध ओळीत शिरतात, आणि ते इथे मुळीच नाहीत. ‘कृती’ कोरडी आहे. ‘करणी’त जादूटोण्याची छाया आहे खरी, पण ‘जशी करणी तशी भरणी’ या म्हणीने तिला हिशेबाशेजारी आधीच बसवून ठेवले आहे, म्हणून मी तीच घेतो: ‘आज करणी, हिशेब नाही, उद्या हिशेब, करणी नाही.’ अरबी ओळींत ‘आहे’ असे क्रियापद नाहीच, नामवाक्य क्रियापदावाचून पुरे होते. ‘आज करणी आहे, हिशेब नाही’ असे लिहून पाहिले की त्या एका ‘आहे’ने ओळ कशी ढिली पडते, ते लगेच जाणवते.

भांड्याच्या तळाचा घोट

सातवी ओळ या प्रवचनाचा गाभा आहे. दुनिया वेगाने पाठ फिरवून निघाली आहे आणि तिच्यातले आता काही उरलेले नाही, उरला आहे तो केवळ ‘सुबाबा’, भांडे उपडे करणाऱ्याने ते ओतून टाकल्यावर भांड्यात राहतो तसा. सुबाबा म्हणजे ओतून झाल्यावर तळाशी, कडेला चिकटून राहिलेला थेंब-दोन थेंबांचा घोट. पाण्याचा तांब्या ओतून रिकामा केला, तरी पुन्हा तिरपा धरला की तळाशी जे गोळा होते, ते.

आता आवाज ऐकावा: सुबाबतुन, सुबाबति, इस्तब्बहा, साब्बुहा. चारही शब्द एकाच धातूचे आहेत, स्-ब्-ब्, ‘ओतणे’. हा ‘स’ साधा नाही, तो तोंड भरून उच्चारला जाणारा ‘साद’ आहे. एका श्वासात चार वेळा ओतण्याचाच शब्द आल्याने ओळ स्वतःच ओतली जाते आणि शेवटच्या ‘हा’वर संपते. प्रतिमेत आणखी एक बारीक गोष्ट आहे: ओतणारा, ‘साब्ब’, कोण हे सांगितलेले नाही. भांडे कोणीतरी उपडे केले आहे, एवढेच.

त्याआधीचा ‘ह़ज़्ज़ा’ हा शब्दही थांबून पाहण्याजोगा आहे. रज़ी टीप देतात की याचा अर्थ ‘वेगवान’, आणि काहीजण तो ‘जज़्ज़ा’, म्हणजे ‘तुटलेली’, असा वाचतात. अरबी लिपीत ह़ा आणि जीम यांत फरक फक्त एका टिंबाचा असतो. कोशांत ह़ज़्ज़ा हे विशेषण शेपटीची पिसे विरळ असलेल्या ‘क़ता’ या वाळवंटी पक्ष्यासाठी येते. वेगाने उडून निघालेल्या या पक्ष्याची आपल्याला पाठच दिसते. मला म्हणून ‘वेगवान’ हा पाठ अधिक सजीव वाटतो.

पाठभेदांची दुसरी जागा अकराव्या ओळीत आहे. प्रत्येक मूल कयामतच्या दिवशी ‘बि अबीहि’, आपल्या पित्याशी, जोडले जाईल, असे काही प्रती म्हणतात; काही ‘बि उम्मिही’, आपल्या आईशी, असे म्हणतात. दुनिया आणि आखिरत या दोन्ही स्त्रीलिंगी असल्यावर साहित्याच्या तर्काने आईच शोभते. पण अरब समाजात वंश बापाकडून सांगितला जात असे, तेव्हा ‘पिता’ म्हणणाऱ्या लेखनिकाचा कलम सवयीने वळला असेल असे म्हणता येते, तसेच ‘आई’ म्हणणाऱ्याने व्याकरण सुधारून घेतले असेही म्हणता येते.

तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी

इथवर आल्यावर पुस्तक मिटून त्याच शब्दांचा माग इतरत्र काढावा. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि तिथेच मोठा आनंद गमावतात.

हदीसांचे, म्हणजे पैगंबरांविषयीच्या परंपरांचे, संग्राहक बुखारी हिजरी २५६ मध्ये (इ.स. ८७०) वारले, म्हणजे रज़ींच्या संग्रहाच्या सुमारे १४० वर्षे आधी. त्यांच्या ‘सहीह’मध्ये लांबणाऱ्या आशेविषयीच्या प्रकरणात अलींच्याच नावाने हे वचन येते, पण सुरुवात वेगळी आहे: ‘इर्तह़लतिद्दुन्या मुद्बिरतन, वर्तह़लतिल आख़िरतु मुक़्बिलतन’. इथे भांडे नाही, इथे काफिला आहे. ‘इर्तह़ल’ म्हणजे उंटावर खोगीर कसून मुक्काम हलवणे. एक काफिला पाठ करून दूर चालला आहे, दुसरा समोरून येतो आहे, आणि ऐकणारा मध्ये उभा आहे. शेवट मात्र तोच: आज अ़मल, उद्या ह़िसाब.

आणि भांडे? ते सापडते ‘सहीह मुस्लिम’ या दुसऱ्या हदीससंग्रहात, बसरा शहर वसवणारे उत्बा बिन ग़ज़वान यांच्या खुतब्यात. तेही म्हणतात की दुनिया ‘ह़ज़्ज़ा’ होऊन पाठ फिरवून निघाली आणि भांड्यातल्या सुबाब्याएवढीच उरली. पण उत्बा पुढे स्वतःच्या आठवणीकडे वळतात: पैगंबरांबरोबरच्या सातांमधला मी सातवा होतो, झाडपाल्याखेरीज खायला काही नव्हते, त्याने आमच्या तोंडाच्या कडा सोलवटल्या, एक चादर सापडली, ती मी आणि साद बिन मालिक यांनी फाडून अर्धी अर्धी गुंडाळली, आणि आज आमच्यातला प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या शहराचा अमीर, म्हणजे शासक, आहे. तळाच्या घोटाची प्रतिमा तीच, पण अमीर झालेल्या माणसाच्या तोंडी फाटक्या चादरीशेजारी आल्यावर तिला किती वेगळी चव येते!

मग ही ओळ नेमकी कोणाची? अशा प्रतिमा त्या काळच्या वक्त्यांची सामाईक मिळकत होत्या, आणि एक वक्ता दुसऱ्याची ओळ उचलतो तेव्हा ऐकणाऱ्यांना ती ओळखू येणे हाही परिणामाचा भाग होता, असे मला वाटते. ‘नह्जुल बलाग़ा’तील मजकूर कितपत अलींचा आणि कितपत नंतरचा, हा वाद तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न ख़ल्लिकान यांच्यापासून नोंदलेला आहे. रसग्रहण करणाऱ्याने तो वाद दडवू नये आणि त्यात अडकूनही पडू नये. प्रत्येक तुकड्यासाठी ‘हे रज़ींच्या आधी कुठे आढळते का?’ एवढा एक प्रश्न वहीत लिहून ठेवावा. आपल्याकडे चक्रधरस्वामींची वचनेही अनुयायांच्या स्मरणातूनच पोथीत आली, तेव्हा ही परिस्थिती मराठी वाचकाला परकी वाटायचे कारण नाही.

प्रसंग

वक्ता उभा कुठे होता हे शेवटी पाहावे. आधी पाहिले तर इतिहास कविता गिळून टाकतो. जुन्या वर्णनांत वक्ता हातात काठी किंवा धनुष्य घेऊन उभा असतो. आरंभी अल्लाहची स्तुती, मग ‘अम्मा बाद’, म्हणजे ‘यानंतर’, आणि मग मुद्दा, असा रिवाज होता. स्तुती वगळून थेट मुद्द्याला हात घालणारे, हिजरी ४५ मध्ये सुभेदार ज़ियाद याने बसऱ्यात केलेले धमकीचे भाषण म्हणूनच ‘बत्रा’, म्हणजे शेपूट तोडलेले, या नावाने ओळखले जाते.

आपल्या प्रवचनाचा प्रसंग इतिहासकार नस्र बिन मुज़ाहिम यांनी नोंदवला आहे, आणि ते हिजरी २१२ मध्ये वारले. त्यांच्या म्हणण्यानुसार हिजरी ३६ च्या रजब महिन्यात, बसऱ्याजवळची उंटाची लढाई आटोपून अली इराकातील कूफा शहरात आले, तेव्हाच्या भाषणात या ओळी होत्या. मुसलमानांनी मुसलमानांवर तलवार चालवलेली ती पहिली मोठी लढाई होती. समोर बसलेल्यांत जिंकून आलेले होते, घरी बसून राहिलेलेही होते. ‘मनाला हवे त्यामागे जाणे’ हे शब्द तिथे निव्वळ वैराग्याचे राहत नाहीत.

एकेकटी वचने, आणि एक अभ्यास

छोट्या वचनांची, म्हणजे हिकमतींची, पद्धत थोडी निराळी असते, कारण तिथे प्रसंग बहुधा हरवलेला असतो आणि एकेका शब्दावरच सगळा भार असतो. ‘क़ीमतु कुल्लिम्रिइन मा युह़्सिनुह’ हे अलींच्या नावचे वचन घ्या. क़ीमत आपलीच. ‘युह़्सिनु’चा धातू ह़ुस्न, सौंदर्य, म्हणून ‘माणसाला जे येते ती त्याची किंमत’ हे भाषांतर अपुरे पडते. ‘माणूस जे देखणे करतो, ती त्याची किंमत’ हे जवळ येते. बसऱ्याच्या जाहिज़ या चोखंदळ गद्यकाराने या एका वाक्यावर असा अभिप्राय दिला, की आपल्या ग्रंथात एवढेच वाक्य असते तरी ते पुरे झाले असते.

आता वाचकाने स्वतः करून पाहण्यासाठी एक ओळ. अठ्ठाविसाव्या खुतब्यात घोड्यांच्या शर्यतीची प्रतिमा आहे: ‘अला व इन्नल यौमल मिज़्मार, व ग़दनिस्सिबाक़, वस्सबक़तुल जन्ना, वल ग़ायतुन्नार.’ मिज़्मार म्हणजे शर्यतीआधी घोडे सडपातळ करण्याची तालीम, सिबाक़ म्हणजे शर्यत, सबक़ा म्हणजे जिंकणाऱ्याचे बक्षीस, ग़ाया म्हणजे जिथे धाव संपते ते टोक. आज तालीम, उद्या शर्यत; बक्षीस स्वर्ग, आणि टोक नरक. श्वास तोडावेत, जोड्या लावाव्यात, आणि मग स्वतःला विचारावे, की ‘बक्षीस स्वर्ग, बक्षीस नरक’ अशी सरळ समांतर ओळ वक्त्याने का केली नसेल, नरकापाशीच शब्द का बदलला असेल. स्वतःचे उत्तर वहीत लिहून झाल्यावरच त्या खुतब्याखालची रज़ींची टीप उघडावी. शर्यत लावली जाते ती हव्याशा वस्तूसाठी, असे ते म्हणतात. टोकाला मात्र नको असलेलाही जाऊन पोचतो.